फुलपाखरी पोहण्याची राणी

स्मरणिकेसाठी लेख द्या असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हटला की आपण जिजाबाई, अहिल्याबाई यांच्याकडे वळतो, आणि त्यांच्यावर दरवर्षी कोणी ना कोणी भगिनी माझ्यापेक्षा चांगले लिहिते. म्हणून यंदा एका पोहणाऱ्या मुलीची हकिकत सांगावी असे ठरविले. धाकटीला पोहावयास नेते, तेव्हा तासभर तलावाच्या काठावर बसून असते. तेथेच हे नाव प्रथम कानावर पडले, आणि मग मिळेल तेथून वाचून काढले.

बटरफ्लाय म्हणजे फुलपाखरू. नाव मोठे नाजूक, परंतु पोहण्याच्या सर्व प्रकारांत दमछाक करणारा प्रकार हाच. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढे टाकावयाचे, दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे मारावयाचे, आणि वळताना दोन्ही हात एकदम भिंतीला लावावयाचे. आमची धाकटी एक लांबी कशीबशी जाते. दुसऱ्या लांबीस हात वर निघतच नाहीत. पूर्वी हा प्रकार छातीवरच्या पोहण्यातच धरला जाई. १९५२ साली तो निराळा झाला आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये प्रथम आला. तेथे स्त्रियांची १०० मीटरची शर्यत अमेरिकेच्या शेली मान हिने १ मिनिट ११ सेकंदांत जिंकली. या शेलीला सहाव्या वर्षी पोलिओ झाला होता. अंगात बळ यावे म्हणून ती पाण्यात उतरली होती. स्त्रियांची २०० मीटरची शर्यत यावयास मात्र १९६८ साल उजाडावे लागले.

आता मूळ विषयाकडे येते. मेरी टी. माहर हिचा जन्म १९६४ सालच्या ऑक्टोबरात, अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या लुइव्हिल गावचा. अकरा भावंडांतील ही दहावी. घरात आणखी एक मेरी होती, म्हणून हिला मेरी टी. म्हणत. एवढ्या मोठ्या घरात दहाव्या मुलीकडे कितीसे लक्ष जाणार, असे आपल्याला वाटेल. पण पोहण्यासाठी हिला वेळ मिळाला आणि घरच्यांनी नेआण केली, यातच पुष्कळ आले. १९७९ साली पोर्टो रिकोमध्ये सर्व अमेरिका खंडाचे सामने झाले. तेथे चौदा वर्षांच्या या मुलीने २०० मीटर अंतर २ मिनिटे ९.७७ सेकंदांत कापून जागतिक विक्रम केला. चौदाव्या वर्षी आपण काय करीत होतो, हे प्रत्येकीने आठवून पाहावे.

पुढच्याच वर्षी, १९८० साली, मॉस्कोला ऑलिंपिक व्हावयाचे होते. तिथे ही जिंकणार याबद्दल फारशी कोणाला शंका नव्हती. परंतु १९७९ च्या डिसेंबरात रशियाच्या फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि अध्यक्ष कार्टर यांनी अमेरिकेचे खेळाडू मॉस्कोला जाणार नाहीत असे ठरविले. (आपला भारत गेला होता आणि हॉकीचे सुवर्णपदक घेऊन आला.) मॉस्कोत २०० मीटरची शर्यत पूर्व जर्मनीच्या मुलीने २ मिनिटे १०.४४ सेकंदांत जिंकली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मेरीने आपल्या देशात तेच अंतर २ मिनिटे ६.३७ सेकंदांत काढले. चार सेकंदांचा फरक! पोहण्यात चार सेकंद म्हणजे जिंकणारी भिंतीला हात लावून मागे वळून पाहील इतका वेळ.

पंधरा वर्षांच्या मुलीला कोणी विचारले नव्हते. मोठ्यांनी ठरविले आणि तिने ऐकले. माझी शाळा सुटली तेव्हा मलाही कोणी विचारले नव्हते. राजकारण मला कळत नाही आणि तो निर्णय बरोबर की चूक हे मी सांगणार नाही. पण ते वर्ष तिला परत मिळाले नाही एवढे खरे.

पुष्कळजणी अशा वेळी पाणीच सोडतात. हिने सोडले नाही. १९८१ च्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिन राज्यातील ब्राउन डिअर येथे राष्ट्रीय सामने होते. तेथे तिने प्रथम २०० मीटर २ मिनिटे ५.९६ सेकंदांत, आणि तीन दिवसांनी १०० मीटर ५७.९३ सेकंदांत पुरे केले. १०० मीटरला तिचाच आधीचा विक्रम ५९.२६ चा होता. जेथे सेकंदाच्या शंभराव्या भागांवर हारजीत ठरते, तेथे एकदम सव्वा सेकंदाहून अधिक उतरली! तेव्हा तिला सतरावे संपावयास दोन महिने होते. लोक तिला ‘मॅडम बटरफ्लाय’ म्हणू लागले; त्या नावाचे एक इटालियन संगीतनाटक प्रसिद्ध आहे.

१९८४ साली लॉस एंजेलिसला तिला ऑलिंपिक पाहावयास मिळाले. १०० मीटर, २०० मीटर आणि चौघींची मिश्र शर्यत, अशी तीन सुवर्णपदके तिने मिळविली. त्या खेपेस रशिया व पूर्व जर्मनी आले नव्हते, म्हणजे उलट्या बाजूच्या मुली घरी बसल्या. १९८८ ला सोलमध्ये मात्र दोन्ही बाजू आल्या. तेथे २०० मीटरला पहिल्या दोघी पूर्व जर्मनीच्या आणि मेरी तिसरी. त्या देशात खेळाडूंना सरकारी योजनेने औषधे दिली जात, हे पुढे उघडकीस आले. कोणाला दिली, कोणाला नाही, याचा निवाडा मी करणार नाही. पुष्कळ मुलींना आपण काय गिळतो आहोत हेदेखील सांगितलेले नव्हते. पुन्हा तेच, मुलींना विचारतो कोण?

मग तिने स्पर्धा सोडल्या, लग्न केले, दोन मुले झाली. तिचे ते १९८१ चे आकडे मात्र हलेनात. नवे पोशाख आले, नवे तलाव झाले, तरी हलेनात. १०० मीटरचा विक्रम १९९९ साली अमेरिकेच्याच जेनी थॉम्पसनने मोडला, अठरा वर्षांनी, आणि तोही ५७.८८ सेकंदांनी, म्हणजे डोळ्याचे पाते लवण्याइतक्या फरकाने. २०० मीटरचा विक्रम ऑस्ट्रेलियाच्या सूझी ओनीलने २००० च्या मे महिन्यात २ मिनिटे ५.८१ सेकंदांत मोडला. मेरीने तो केला तेव्हा ही ओनील आठ वर्षांची होती. तिलाही तिच्या देशात लोक ‘मॅडम बटरफ्लाय’च म्हणत. तिचा विक्रम दोन वर्षे टिकला.