पुरस्कारावरची नावे

मदुराईजवळच्या पुल्लुचेरी गावातल्या चिन्नपिळ्ळै शेतमजुरी करत. बायकांची टोळी जमवायची, जमीनमालकाशी मजुरीचा भाव ठरवायचा आणि काम उरकले की पैसे सर्वांना चोख वाटायचे, ही जबाबदारी त्यांच्यावर असे. पुढे ‘कळंजियम’ या बचत गटांच्या चळवळीत त्यांनी हजारो बायकांना आणले. केंद्र सरकारचा पहिल्या वर्षाचा स्त्री शक्ती पुरस्कार देताना पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी भर समारंभात त्यांच्या पाया पडले.

हा पुरस्कार १९९९ साली सुरू झाला. एक लाख रुपये आणि मानपत्र असे त्याचे स्वरूप होते; पण खरी श्रीमंती होती ती नावांची. अहिल्याबाई होळकर, जिजाबाई, झाशीची राणी लक्ष्मीबाई, कण्णगी आणि राणी गाइदिन्ल्यू अशा पाच जणींच्या नावाने पाच पुरस्कार. काकतीय राणी रुद्रमादेवीचे नाव नंतर जोडले गेले. यातली कण्णगी तमिळ महाकाव्यातली; निरपराध नवऱ्याला मारणाऱ्या राजाला तिने भर दरबारात जाब विचारला. गाइदिन्ल्यूंना इंग्रजांनी १९३२ मध्ये पकडले तेव्हा त्या जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या; स्वातंत्र्य मिळेपर्यंत त्या तुरुंगातच राहिल्या. नावे निवडणाऱ्यांनी सत्तेपुढे मान न तुकवणाऱ्या बायकाही आवर्जून घेतल्या, हे विशेष.

या नावांना साजेशी बाई पहिल्याच वर्षी सापडली. हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यातल्या किंकरी देवी दलित कुटुंबातल्या, लहान वयात लग्न झालेल्या, बाविसाव्या वर्षी विधवा झालेल्या. झाडलोट करून त्या पोट भरत. चुनखडीच्या खाणींनी डोंगर पोखरले, झरे आटले, भातशेती उजाड झाली, हे त्या डोळ्यांनी पाहत होत्या. एका स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने त्यांनी ४८ खाणमालकांविरुद्ध शिमल्याच्या उच्च न्यायालयात याचिका केली. दाद लागेना, तेव्हा न्यायालयाबाहेर १९ दिवस उपोषण केले. १९८७ मध्ये न्यायालयाने खाणकामाला स्थगिती दिली आणि सुरुंगांवर बंदी घातली. खाणमालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९५ मध्ये तिथेही हरले. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेत दीप लावण्याचा मान त्यांना मिळाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. सही करायला त्या उतारवयात शिकल्या. स्त्री शक्ती पुरस्कार त्यांना मिळाला तो झाशीच्या राणीच्या नावाचा.

२०१५ मध्ये या पुरस्काराची नवी घडी बसवली गेली आणि ‘नारी शक्ती पुरस्कार’ हे नाव आले. संस्थांसाठी वेगळे गट झाले. थोर स्त्रियांची नावे मात्र या संस्थांच्या गटांकडे गेली. जिजाबाईंचे नाव उत्तम सोयी देणाऱ्या नगरपालिकांसाठी, कण्णगीचे नाव मुलींचे प्रमाण सुधारणाऱ्या राज्यांसाठी. नगरपालिकांना शाबासकी जरूर द्यावी. पण एकट्या बाईने दिलेल्या लढ्याला दुसऱ्या लढाऊ बाईचे नाव मिळत होते, तो धागा इथे तुटला. ही चूक होती, असे म्हणणे भाग आहे.

निवडी मात्र पुढेही भक्कम राहिल्या. हजारो अनाथांना मायेचे छत्र देणाऱ्या सिंधुताई सपकाळ यांना २०१८ च्या महिलादिनी हा सन्मान मिळाला. पुढच्याच वर्षी तो अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्याकडे आला; शाळेचे तोंड न पाहिलेल्या या आदिवासी शेतकरिणीने गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली होती. करोनामुळे खोळंबलेला २०२० चा पुरस्कार २०२२ मध्ये दिला गेला, तेव्हा मानकऱ्यांत हजारो साप वाचवणाऱ्या वनिता बोराडे होत्या. त्या बुलढाणा जिल्ह्यातल्या. जिजाबाईंचे जन्मगाव सिंदखेड राजाही त्याच जिल्ह्यात आहे. जुनी रचना टिकली असती, तर बोराडे यांच्या मानपत्रावर आपल्याच मुलखातल्या जिजाऊंचे नाव येऊ शकले असते.