पंगुगृहापासून परिपोषण अनुदानापर्यंत

जैन आचारपरंपरेत आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. सहा आभ्यंतर तपांत 'वैयावृत्त्य', म्हणजे रुग्ण, वृद्ध आणि श्रांत साधूंची सेवा, यास मानाचे स्थान आहे. गृहस्थाने दीनदुःखितांस द्यावयाचे ते अनुकंपादान. या परंपरेची सर्वांत ठळक संस्थारूप खूण म्हणजे पांजरपोळ. मुंबईत भटक्या कुत्र्यांच्या सरकारी हत्येवरून 1832 मध्ये क्षोभ उसळला आणि 1834 मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. थकलेल्या बैलास कायमचे आश्रयस्थान मिळाले. थकलेल्या माणसास ते मिळण्यास आणखी काळ लागला, कारण म्हातारे आणि पांगळे हा कुटुंबाचा, फार तर जातीच्या पंचायतीचा विषय, अशी त्या समाजाची धारणा होती. ज्यास कुटुंबच उरले नाही त्याचे काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नसे.

पुण्यात 1863 मध्ये डेव्हिड ससून या बगदादी यहुदी दानशूर व्यापाऱ्याच्या देणगीतून अनाथ पंगुगृह स्थापन झाले. आज ते 'निवारा' या नावाने परिचित आहे. नावातील 'अनाथ' आणि 'पंगू' हे दोन शब्द लक्षात घेण्याजोगे आहेत. वृद्धत्व आणि अपंगत्व या दोन निराळ्या गरजा आहेत, ही जाणीव तेव्हा नव्हती. निराश्रितपणा हीच एक कसोटी होती.

सरकारी तिजोरीचा पैसा या वर्गापर्यंत प्रथम पोहोचला तो दुष्काळाच्या निमित्ताने. 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने 1880 मध्ये जो अहवाल दिला, त्यातून दुष्काळसंहिता घडल्या. धडधाकटांना दुष्काळी कामे आणि काम करू न शकणाऱ्या वृद्ध, आंधळ्या, पांगळ्यांना विनाश्रम मदत, असा भेद त्यांत केला होता. मात्र पाऊस पडला, पिके आली, की मदत बंद. आंधळा आंधळाच राहिला तरी सरकारच्या लेखी त्याचे संकट संपलेले असे.

कायमस्वरूपी सरकारी निवाऱ्याची वाट पुढे जी सापडली, ती पोलीस चौकीतून जाणारी होती. 1945 च्या मुंबई भिक्षेकरी अधिनियमानंतर 1959 चा मुंबई भीक प्रतिबंध अधिनियम आला. उपजीविकेचे दृश्य साधन नसलेला आणि सार्वजनिक जागी वावरणारा मनुष्यही त्याच्या व्याख्येत बसू शकतो. त्यातील दहावे कलम तर विलक्षण आहे. पकडलेला भिक्षेकरी आंधळा, पांगळा किंवा कायमचा असहाय असल्यास त्यास अनिश्चित काळ डांबून ठेवण्याचा अधिकार ते शासनास देते. कायमच्या असहायतेस कायमचा निवारा हवा, हे शासनाने येथे ओळखले होते; फक्त त्यास स्थानबद्धतेचे रूप दिले. दिल्लीत लागू असलेल्या या कायद्यातील भीक मागण्यास गुन्हा ठरविणाऱ्या तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये घटनाबाह्य ठरविल्या.

दरम्यान राज्यघटना अस्तित्वात आली होती. तिच्या 41 व्या अनुच्छेदाने बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या प्रसंगी सार्वजनिक साहाय्याची हमी घेतली; परंतु 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत', आणि तीही न्यायालयात मागता न येणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांत. मग शासनाने धर्मादाय संपत्तीकडे पाहणे स्वाभाविकच होते. 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने धार्मिक न्यासांची शिल्लक अन्य कामाकडे वळविण्याची वाट खुली केली. त्यास आव्हान दिले गेले ते एका जैन मंदिराच्या व्यवस्थापकाकडून. रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये निर्णय दिला, की धार्मिक न्यासाचा निधी त्याच्या मूळ हेतूविरुद्ध वळविणे धर्मस्वातंत्र्याशी विसंगत आहे. देवद्रव्याचे पावित्र्य मानणाऱ्या समाजास हा मोठा दिलासा होता. त्याची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. मंदिराच्या भंडारात कितीही शिल्लक असली तरी वृद्धाश्रमाचा खर्च अनुकंपा वा साधारण खात्यातूनच भागवावयाचा, आणि ही खाती सहसा सर्वांत कृश असतात.

महाराष्ट्र शासनाने 1963 मध्ये वृद्धाश्रमांसाठी अनुदानाची योजना आखली. 60 वर्षांवरील निराधार पुरुष आणि 55 वर्षांवरील निराधार स्त्रिया यांना स्वयंसेवी संस्थेने सांभाळावे आणि शासनाने दरडोई दरमहा 'परिपोषण अनुदान' द्यावे, अशी ही व्यवस्था होती. शब्द अचूक आहे, आणि त्याची मर्यादाही त्यातच आहे. पोषणाचा दर ठरविता येतो. परंतु अंथरुणास खिळलेल्या वृद्धेची कूस दर दोन तासांनी बदलणाऱ्या बाईचे वेतन, चादरी, रात्रीची पाळी यांचा मेळ दरडोई आकड्याशी बसत नाही. हा फरक भरून काढतो तो देणगीदार. 1995 मध्ये युती शासनाने 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना आणून पैसे भरू शकणारे आणि न शकणारे वृद्ध एका छताखाली ठेवण्याचा प्रयोग केला.

मदतीचा दुसरा प्रवाह संस्थेकडे न जाता थेट व्यक्तीकडे वाहिला. बॅरिस्टर अंतुले यांच्या कारकिर्दीत 1980 मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. केंद्राने 15 ऑगस्ट 1995 पासून 65 वर्षांवरील निराधारांसाठी दरमहा 75 रुपयांचे निवृत्तीवेतन सुरू केले. 2006 मध्ये ते 200 रुपये झाले आणि 60 ते 79 वयोगटासाठी केंद्राचा वाटा तेथेच थांबला. राज्याने आपली रक्कम वाढवीत 2023 मध्ये 1500 रुपयांवर नेली. या मदतीचा अर्ज तहसील कार्यालयात जातो. राज्यातील 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा आणि कुटुंबाच्या उत्पन्नाचा दाखला त्यास जोडावा लागतो. हे कागद घर असलेल्या माणसाचे आहेत. ज्यास मुलांनी रेल्वे फलाटावर सोडले, त्याच्याजवळ नेमके तेच नसते. त्यामुळे घरात राहणाऱ्या गरिबास जी मदत तुलनेने सुलभ, ती आश्रमातील निराधारास दुष्प्राप्य, असा विपर्यास घडतो.

2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियमाच्या 19 व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निर्धन वृद्धांना सामावणाऱ्या वृद्धाश्रमाचा उल्लेख आहे. मूळ इंग्रजी क्रियापद मात्र 'स्थापन करू शकेल' अशा अर्थाचे आहे, 'स्थापन करील' असे नव्हे. मुलांवर याच कायद्याने टाकलेली जबाबदारी बंधनकारक आहे.

विकलांगांचा प्रश्न वृद्धांहून बिकट, कारण तो वार्धक्याची वाट पाहात नाही. बालगृहे आणि निवासी विशेष शाळा यांची व्यवस्था बालपणापुरती असते. अठरावे वर्ष उलटले की कायद्याच्या दृष्टीने मूल प्रौढ होते. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढास त्या वाढदिवसाने कोणतेही सामर्थ्य प्राप्त होत नाही. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या विकलांग मुलांना आपले नाव दिले आणि सज्ञान झाल्यावरही त्यांना बाहेर काढण्यास नकार दिला. अठरा वर्षांनंतरही अशा अनाथ विकलांगांना आश्रमातच आजीवन राहू देणारा कायदा व्हावा, ही त्यांची मागणी अनेक वर्षांची आहे. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

केंद्राने 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांच्या पालकत्वाची तजवीज केली. 'आपल्यानंतर याचे कोण?' या आईबापांच्या प्रश्नास कायद्याने दिलेले हे पहिले उत्तर. न्यासाची 'घरौंदा' ही प्रौढांच्या सामूहिक निवासाची योजना याच प्रश्नातून आली. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या 24 व्या कलमानुसार दिव्यांगांचे साहाय्य इतरांच्या तत्सम साहाय्याहून किमान 25 टक्के अधिक असावयास हवे. महाराष्ट्रात 2025 मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम 2500 रुपये करण्यात आली, तेव्हा ही अट ओलांडली गेली. ही रक्कमही व्यक्तीच्या खात्यात जाते. रात्रभर जागणाऱ्या सेविकेचे वेतन अद्याप संस्थेच्या पावतीपुस्तकावर अवलंबून आहे.