वल्हं, व्याख्यान आणि वर्गणी



मागच्या वर्षी ओळखीतल्या एका घरातला मुलगा माझ्याकडे आला होता. एकट्याने कयाक वल्हवत एका मोठ्या नदीतून जायचं आणि त्या निमित्ताने एका चांगल्या कामासाठी पैसे गोळा करायचे, असा त्याचा बेत होता. "काका, तुम्ही किती देणार?" त्याने सरळच विचारलं. मी दिले. पण तो गेल्यावर एक प्रश्न डोक्यात घोळत राहिला. फोड येणार त्याच्या हातांना, पैसे जाणार माझ्या खिशातून, आणि फायदा होणार तिसऱ्याच कुणाचा. या तिघांचा एकमेकांशी संबंध काय? शाळेला किंवा दवाखान्याला मी घरबसल्याही देऊ शकतो. त्यासाठी कुणी नदीत का उतरावं?

प्रश्न थोडा खवचट आहे, मला मान्य आहे. पण इतिहास वाचणाऱ्या माणसाची खोड अशी, की असा प्रश्न पडला की तो मागे मागे जात राहतो. मी गेलो तो थेट १८६५ सालच्या उन्हाळ्यात, लंडनच्या थेम्स नदीवर जाऊन पोचलो. आज त्याच माणसाची गोष्ट सांगणार आहे. त्याचं नाव जॉन मॅक्ग्रेगर.

आधी त्याच्या होडीबद्दल. कयाक ही मुळात आर्क्टिकच्या थंड समुद्रातल्या लोकांची, इन्युइटांची, शिकारीची होडी. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं सीलचं कातडं, वर माणूस कमरेपर्यंत बसेल एवढंच भोक. हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. मॅक्ग्रेगर १८५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिका-कॅनडा फिरून आला होता आणि तिकडच्या मूळ रहिवाशांच्या होड्यांनी त्याला भुरळ घातली होती. १८६५ मध्ये त्याने लंडनमध्ये तशीच एक होडी बांधून घेतली, पण लाकडाची. खालचा भाग ओकचा, वरचा सीडरचा. लांबी १५ फूट, वजन ८० पौंड, म्हणजे आपल्या हिशेबात ३६ किलो. नाव ठेवलं 'रॉब रॉय'. हा त्याच्याच मॅक्ग्रेगर कुळातला स्कॉटलंडचा गाजलेला बंडखोर.

या होडीची त्याने सांगितलेली थोरवी मला फार आवडते. साध्या होडीत वल्हवणारा पाठमोरा बसतो. जिथे जायचं तिकडे त्याची पाठ, आणि जे मागे पडलं ते डोळ्यांसमोर. कयाकमध्ये माणूस पुढे तोंड करून बसतो. खडक दिसतो, वळण दिसतं, काठावरचा माणूस समोरून येताना दिसतो. शिवाय पाणी संपलं किंवा बंधारा आडवा आला, तर एकटा माणूस ती ओढत जमिनीवरून नेऊ शकतो.

जुलै १८६५ मध्ये तो निघाला. सामान किती? एक फूट लांब, एक फूट रुंद आणि सहा इंच जाड अशी एक काळी पिशवी. तेवढ्यात तीन महिने. इंग्लिश खाडी त्याने आगबोटीतून ओलांडली आणि मग म्यूज, ऱ्हाइन, माइन अशा नद्या धरल्या. जिथे नदी नव्हती तिथे होडी रेल्वेच्या डब्यात किंवा बैलगाडीत चढवली. ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात डोनाउएशिंगेन नावाचं गाव आहे, तिथे डॅन्यूब नदीचा उगम मानतात. तिथून तो उल्म शहरापर्यंत डॅन्यूब उतरला. पुढे कॉन्स्टन्स, झुरिच, ल्यूसर्न ही तळी, रॉइस नदीचा उसळता प्रवाह, मग फ्रान्समधल्या मोझेल आणि मार्न, आणि शेवटी सीन नदीतून पॅरिस. तिथून घरी. एकूण अंतर साधारण हजार मैल, म्हणजे १,६०० किलोमीटर.

प्रवासात धोके होते. डॅन्यूबवर जागोजागी पाणचक्क्यांचे बंधारे होते. रॉइसवर एके ठिकाणी उभ्या लाटेत होडी नाकाने घुसली आणि पाणी त्याच्या छातीवर आदळलं. पण त्याचं पुस्तक वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते, ती म्हणजे हा माणूस मजेत आहे. काठावर गवत कापणारे लोक काम टाकून बघायला येतात. संध्याकाळी खानावळीत होडी ठेवली, की गावात बातमी पसरते आणि सकाळी तो निघताना बघे काठावर हजर असतात. अशी होडी त्यांनी कधी पाहिलेलीच नसते. रात्री तो गादीवर झोपतो, पोटभर जेवतो. आपण कुणासाठी हाल सोसतोय, असा आव त्याने कुठेही आणलेला नाही.

मग दानधर्म कुठून आला? तो आला प्रवास संपल्यावर.

१८६६ च्या सुरुवातीला त्याचं पुस्तक निघालं. चित्रंही त्यानेच काढलेली. पुस्तक धडाधड खपलं, आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. त्यातून मिळणारं स्वतःचं उत्पन्न त्याने दोन संस्थांना देऊन टाकलं. एक रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन, आणि दुसरी जहाज फुटून उघड्यावर पडलेल्या खलाशांना मदत करणारी संस्था. शाळा नाही, चर्च नाही. त्याने निवडले ते बुडणाऱ्या माणसांसाठी वादळात होड्या लोटणारे लोक.

हेच का? इथे आपल्याला आणखी चाळीस वर्षं मागे जावं लागतं, आणि गोष्ट थेट हिंदुस्थानच्या वाटेवर येते.

फेब्रुवारी १८२५. ईस्ट इंडिया कंपनीचं 'केंट' नावाचं जहाज इंग्लंडहून बंगालकडे निघालं. जहाजावर ३१व्या पलटणीचे सैनिक, त्यांच्या बायका, मुलं, खलाशी, मिळून सहाशेहून अधिक माणसं. १ मार्चला बिस्केच्या उपसागरात वादळ होतं. तळातली पिंपं हलली आहेत का, हे बघायला एक अधिकारी कंदील घेऊन उतरला. जहाजाने हेलकावा खाल्ला, कंदील हातून सुटला, पिंपातून सांडलेल्या दारूने पेट घेतला. खाली आग, बाहेर वादळ, आणि जहाजाच्या पोटात बंदुकीच्या दारूचा साठा.

त्या पलटणीत मेजर डंकन मॅक्ग्रेगर होते. सोबत पत्नी आणि अवघ्या पाच आठवड्यांचं बाळ. आता सगळं संपलं असं वाटून मेजरनी निरोपाची चिठ्ठी लिहिली, बाटलीत घातली आणि समुद्रात सोडायला ठेवली. ती बाटली दीड वर्षाने अटलांटिकच्या पलीकडे, बार्बाडोस बेटाच्या किनाऱ्याला लागली.

पण त्याआधीच एक छोटं जहाज दिसलं होतं, 'केंब्रिया'. मेक्सिकोच्या खाणींत कामाला निघालेले कॉर्नवॉलचे खाणकामगार घेऊन ते चाललं होतं. जळतं जहाज कधी फुटेल याचा नेम नव्हता, म्हणून 'केंब्रिया' जरा अंतरावर थांबलं आणि मधल्या खवळलेल्या पाण्यातून छोट्या होड्या खेपा घालू लागल्या. पहिल्या होडीत बायका-मुलं. खाणकामगारांनी आपल्या दणकट हातांनी एकेकाला वर ओढून घेतलं. पाचशेहून अधिक जीव वाचले, ऐंशीच्या आसपास गेले. रात्री 'केंट'चा स्फोट झाला.

ते पाच आठवड्यांचं बाळ म्हणजे जॉन मॅक्ग्रेगर.

आता पुन्हा त्या पुस्तकाकडे बघा. छोट्या होडीने वाचवलेल्या मुलाने चाळिशीत एक छोटी होडी बांधली, तिच्यातून आनंदाने हिंडला, आणि त्या आनंदाची कमाई छोट्या होड्यांनी जीव वाचवणाऱ्यांना दिली. जोड मी लावतो आहे, त्याने असं कुठे लिहून ठेवलं आहे असा माझा दावा नाही. पण मला हे दान वाटत नाही. आपल्याकडे याला ऋण फेडणं म्हणतात, उतराई होणं म्हणतात.

तो तेवढ्यावर थांबला नाही. १८६८ च्या अखेरीस तो दुसऱ्या 'रॉब रॉय'मधून, अजून खोदकाम चालू असलेल्या सुएझ कालव्यातून गेला. हाच कालवा वर्षभराने खुला झाला आणि मुंबई-लंडन अंतर एकदम कमी झालं. पुढे तो जॉर्डन नदीवर गेला. तिथल्या हुला सरोवराजवळ स्थानिक लोकांनी त्याला होडीसकट उचलून शेखच्या तंबूत नेलं. या प्रवासांवर त्याने गावोगावी व्याख्यानं दिली आणि त्यांतून सुमारे १०,००० पौंड धर्मादाय कामांसाठी उभे केले. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती.

म्हणजे पैसे वल्हवून आले नाहीत, सांगून आले. नदी एकट्याची होती, गोष्ट सगळ्यांची झाली. लोकांनी तिकीट काढलं ते गोष्टीसाठी, आणि जाताना त्यांच्या खिशातले पैसे योग्य ठिकाणी पोचले. आपल्या कीर्तनात आख्यान संपल्यावर आरतीचं ताट फिरतं, तसंच हे. आपल्याच इतिहासातलं उदाहरण बघा. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. तिथे गावोगावी बोलल्या, हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्या व्याख्यानांतून, पुस्तकविक्रीतून आणि तिथल्या लोकांनी दहा वर्षं मदतीच्या दिलेल्या हमीतून ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. प्रवास, पुस्तक, व्याख्यान, संस्था, साखळी तीच. फरक एवढाच की मॅक्ग्रेगर हौसेने निघाला होता, आणि रमाबाईंच्या प्रवासामागे बालविधवांची गरज उभी होती.

मॅक्ग्रेगरची आरती ओवाळायची म्हणून मी ही गोष्ट सांगत नाही. त्याची दुसरी बाजूही आहे. तो कडवा प्रॉटेस्टंट होता, प्रवासात धर्मप्रचाराची पत्रकं वाटत जायचा. आणि 'केंट'वरचे सैनिक काही तीर्थयात्रेला निघाले नव्हते. हीच ३१वी पलटण पुढे हिंदुस्थानात आली आणि १८४५-४६ मध्ये पंजाबात शिखांविरुद्ध लढली. ज्यांचे जीव कॉर्नवॉलच्या कामगारांनी वाचवले, त्यांच्या बंदुका शेवटी आपल्याकडेच वळल्या. इतिहास असा सरळ रेषेत चालत नाही. पण म्हणून त्या खाणकामगारांनी पुढे केलेला हात खोटा ठरत नाही.

आणि एक गोष्ट मॅक्ग्रेगरच्या बाजूने नक्की सांगितली पाहिजे. पैशाच्या हिशेबात तो पक्का होता. नदीत उतरण्याच्या चौदा वर्षं आधी, १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी, त्याने काही मित्रांबरोबर रस्त्यावरच्या गरीब मुलांना बूट पॉलिशचं काम मिळवून देणारी संस्था काढली होती. तिथला नियम ऐका. दिवसाच्या कमाईतले पहिले सहा पेन्स मुलाचे. उरलेल्याचे तीन सारखे वाटे. एक मुलाच्या हातात, एक संस्थेच्या खर्चाला, आणि तिसरा मुलाच्या नावाने बँकेत. दान देताना घेणाऱ्याचा हिशेब इतका उघड ठेवणं, हे मला त्याच्या हजार मैलांपेक्षा मोठं वाटतं.

आपल्याकडे नदी आणि दान यांचं नातं वेगळ्या तऱ्हेचं आहे. नर्मदा परिक्रमेला निघालेला माणूस नदी ओलांडत नाही, काठाकाठाने चालतो. आणि तो देत नाही, तो घेतो. काठावरची गरीब घरंसुद्धा त्याला सदावर्त देतात, शिधा देतात. चालणाऱ्याने अहंकार सोडून हात पसरायचा, हीच त्यातली साधना. मॅक्ग्रेगरच्या वाटेवर प्रवासी देणारा असतो, परिक्रमेत काठ देणारा असतो. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी, की नदीतून किंवा नदीकाठाने एकटं जाणारा माणूस खरं तर एकटा नसतो.

आज आपल्याकडेही अशा मोहिमा होतात. २०१५ मध्ये मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी द्वारकेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे ३,००० किलोमीटरचा किनारा कयाकने पार केला आणि मुलांसाठी काम करणाऱ्या 'मॅजिक बस'साठी निधी उभा केला. ती मोहीम समुद्रातली होती, नदीतली नाही, पण परंपरा तीच.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. तो मुलगा मोहिमेवर निघण्याआधी पुन्हा भेटला. मी त्याला ही सगळी गोष्ट सांगितली आणि दोन गोष्टी विचारल्या. पहिली, हिशेब कसा ठेवणार? त्याने वही दाखवली, बरी होती. दुसरी, हेच काम का निवडलंस? तेव्हा तो जरा थांबला. मग म्हणाला, "काका, मी लहान असताना विहिरीत पडलो होतो. शेजारच्या वाडीतल्या एकाने उडी मारून काढलं. त्या वाडीतल्या मुलांच्या शाळेसाठी आहे हे."

पहिल्या भेटीत त्याने हे सांगितलंच नव्हतं. मी त्याला म्हटलं, किती किलोमीटर जाणार, किती ऊन लागणार, हे लोकांना नंतर सांग. आधी ही विहिरीची गोष्ट सांग.

आणि माझी वर्गणी मी दुप्पट केली.