वाट बंद, दुकान बंद : चालण्याजोग्या बाजारपेठेचा आपला इतिहास

पुण्यात 2021 पासून 11 डिसेंबर हा दिवस 'पादचारी दिन' म्हणून साजरा होतो. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा टप्पा गाड्यांना बंद असतो. माणसे रस्त्याच्या मधोमध चालतात, लहान मुले खेळतात, निवांत खरेदी होते. घराजवळ बाजार असावा, तिथे पायी जाता यावे, गाडीच्या धाकाशिवाय हिंडता यावे, हे आता सरकारी धोरण आहे. रस्त्यांचे नियोजन वाहनांऐवजी माणसे डोळ्यांसमोर ठेवून करा, असे 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने सांगितले. 2016 मध्ये पुणे महापालिकेने स्वतःचे पादचारी धोरण स्वीकारले.

वस्तीतल्या अभ्यासवर्गात मी हा विषय काढला तेव्हा एक तरुण कार्यकर्ता वैतागून म्हणाला, "ताई, हा पेठेतल्या आणि सोसायटीतल्या लोकांचा विषय. आपली शिष्यवृत्ती अडकली आहे, अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत. त्यात हा फुटपाथ कुठून आणला?"

मी त्याला एकच विचारले, "गावात बहिष्कार टाकतात म्हणजे नेमके काय करतात?"

तो लगेच म्हणाला, "वाट बंद करतात. दुकानातून माल देत नाहीत."

वाट आणि दुकान. मग चालण्याजोगा बाजार हा आपला विषय नाही तर कोणाचा?

आपल्यावर लादलेले 'झोनिंग'

1928 साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. 1930 च्या अहवालात समितीने सामाजिक बहिष्काराचे वर्णन केले आहे. अस्पृश्यांनी हक्क मागितला की नेहमीची वहिवाटीची वाट अडवली जाते आणि गावचा वाणी मीठ-मिरची देणे थांबवतो. बाबासाहेबांनी हा पुरावा गोलमेज परिषदेपुढे नेला आणि बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. वाट आणि बाजार बंद केले की माणूस आठ दिवसांत गुडघ्यावर येतो, हे गावाला पक्के ठाऊक होते.

कोणत्या जमिनीवर कोण राहील, कोणता धंदा कुठे चालेल आणि कोण कुठून जाईल, हे ठरवणे म्हणजे भूवापर धोरण. महापालिकेत त्याचा रंगीत नकाशा असतो. गावात नकाशा नव्हता, पण महारवाडा कुठे, मांगवाडा कुठे, पाणवठा कोणाचा आणि कोणत्या आळीतून चपला घालून जायचे नाही, हे सगळे ठरलेले होते. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी पेशवाईतल्या पुण्याचा दाखला दिला आहे. अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके. सार्वजनिक रस्त्यावर सावलीसुद्धा पडता कामा नये. जगातल्या कुठल्याही शहराने पादचाऱ्यावर याहून क्रूर नियम लादला असेल असे मला वाटत नाही. तो नियम ज्या शहरात होता, त्याच शहरात आज पादचारी दिन साजरा होतो. म्हणून तो साजरा होताना आपण तिथे असले पाहिजे, आणि प्रश्न घेऊन असले पाहिजे.

मंडई आणि जोतीरावांचा विरोध

पुण्याचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरत असे. तो हलवून शुक्रवार पेठेत दगडी इमारत बांधली गेली आणि 1886 मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने 'रे मार्केट' सुरू झाले. जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईच्या या भव्य इमारतीवरील खर्चाला त्यांनी विरोध केला. गोरगरिबांच्या शिक्षणाला पैसा नाही आणि इमारतीला आहे, हा त्यांचा आक्षेप होता. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. नाव आपण अभिमानाने घेतो, पण जोतीरावांनी केलेला सवाल विसरतो.

जोतीरावांचे वैर बाजाराशी नव्हते. भाजी पिकवणारा आणि विकणारा हाच तर त्यांचा माणूस. सार्वजनिक पैसा कोणासाठी आणि आधी कशावर, हा त्यांचा सवाल होता. शहर सुंदर करण्याच्या प्रत्येक योजनेला आपण हाच सवाल केला पाहिजे.

फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची दुपार

आता न्यूयॉर्ककडे वळू, कारण आधुनिक झोनिंगचा एक महत्त्वाचा जन्म तिथल्या खरेदीच्या रस्त्यावर झाला आहे. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. जात म्हणजे स्वतःभोवती दार लावून घेतलेला वर्ग, हे त्यांनी त्यात मांडले. त्याच वसंतात, त्याच शहरात, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरचे मोठे दुकानदार दुसऱ्या एका दाराच्या मागे लागले होते.

या श्रीमंती रस्त्याच्या आसपास कपडे शिवण्याचे कारखाने आले होते. त्यांतले बहुतेक कामगार ज्यू आणि इटालियन स्थलांतरित. दुपारच्या सुट्टीत हजारो कामगार खाली उतरत, फुटपाथवर उभे राहत, गप्पा मारत, हिंडत. दुकानदारांची तक्रार होती की या गर्दीमुळे त्यांचे श्रीमंत गिऱ्हाईक येईनासे होईल. 1916 च्या मार्चमध्ये 'न्यूयॉर्क वाचवा' अशा जाहिराती झळकल्या. ठरवून दिलेल्या भागातून कारखाना हलवला नाही, तर त्या कारखानदाराला मालखरेदीत प्राधान्य देणार नाही, असे दुकानदारांनी जाहीर केले. आपल्या भाषेत सांगायचे तर बहिष्कारच. 25 जुलै 1916 रोजी न्यूयॉर्कने झोनिंगचा ठराव मंजूर केला. त्यामागे उंच इमारतींमुळे अडणारा उजेड आणि वारा ही कारणेही होती. पण खरेदीच्या रस्त्यावर कोणते पाय चालावेत हा हिशेबही त्यात होता.

अमेरिकेतल्या दुसऱ्या शहरांना तर आडपडदाही नको होता. 1910 मध्ये बाल्टिमोरने कृष्णवर्णीयांनी कोणत्या गल्लीत राहायचे आणि गोऱ्यांनी कोणत्या, याचा कायदा केला. लुईव्हिल शहराचा तसाच कायदा 1917 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. मग भेदभावाने भाषा बदलली. 1926 च्या युक्लिड खटल्यात न्यायालयाने झोनिंगला मान्यता दिली, आणि स्वतंत्र बंगल्यांच्या भागात येणारी भाड्याच्या घरांची इमारत परोपजीवी ठरवली. त्यानंतर एक घर, एक कुटुंब, मोठा प्लॉट असे भाग वाढत गेले. गरीब बाहेर राहिला आणि त्याच्याबरोबर कोपऱ्यावरचे दुकानही बाहेर गेले. दूध आणायलासुद्धा मोटार लागावी अशी उपनगरे त्यातून उभी राहिली. आज 'पायी जाता येईल असा बाजार' म्हणून अमेरिकेतले नियोजनकार जे परत मागत आहेत, ते त्यांच्याच कायद्याने मारलेले आहे.

यातून आपण काय घ्यायचे? नकाशावरचा रंग निष्पाप नसतो. जातीचा किंवा वंशाचा उल्लेख न करताही तो माणसे वेगळी करू शकतो.

जुन्या पेठेचा मोह नको

आपल्याकडे 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबईत सुधार ट्रस्ट आला. दाट वस्त्यांतून सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले गेले. घरे पाडली गेली ती गरिबांची. ट्रस्टने कामगारांसाठी चाळीही बांधल्या. परळच्या अशाच बीआयटी चाळीत बाबासाहेब अनेक वर्षे राहिले. 1915 मध्ये मुंबई इलाख्यात देशातला पहिला नगररचना कायदा झाला आणि 1966 मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा. तरीही सुदैवाने आपली शहरे पूर्ण अमेरिकी झाली नाहीत. खाली दुकान आणि वर घर ही पद्धत टिकली. मुंबईच्या 1991 च्या नियमावलीत तर रस्त्यालगत दुकानांची रांग असलेला निवासी भाग असा वेगळा प्रकारच होता.

म्हणून काही अभ्यासक सांगतात की जुनी पेठ हाच आदर्श बाजार : घर, कारागीर, दुकान, देऊळ, सगळे पायाच्या अंतरावर. इथे मी थांबते. पुण्याच्या तांबट आळीत आणि बुरूड आळीत कोण राहत होते, हे आळीचे नावच सांगते. जवळ असणे आणि समान असणे यांत फरक आहे. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खडसावले होते. तोच इशारा पेठेच्या गोडव्यांनाही लागू आहे. आपल्याला बाजार पायी अंतरावर हवा, पण त्या बाजारात आपल्या माणसाचे दुकान हवे आणि आपल्या बाईच्या पाटीलाही जागा हवी.

फुटपाथ कोणाचा?

माझी आजी एका चौकात कोथिंबीर-मेथीच्या जुड्या घेऊन बसायची. अतिक्रमणवाल्यांची गाडी दिसली की पोत्याची चारी टोके उचलून पळायची. एकदा वजनकाटा गेला तो परत आलाच नाही. पुढे तो चौक 'सुशोभित' झाला. बाके आली, झाडांच्या कुंड्या आल्या, फरशी आली. चालायला खरोखर छान जागा झाली. आजी मात्र पुन्हा तिथे बसली नाही. तिच्याकडून भाजी घेणाऱ्या मोलकरणींना मग अर्धा तास चालून दुसऱ्या बाजारात जावे लागे. चालण्यासाठी केलेल्या रस्त्याने सर्वांत जास्त चालणाऱ्या बायकांची पायपीट वाढवली.

कायद्याच्या इतिहासातही हीच झुंज दिसते. 1985 च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण फुटपाथ हा येण्याजाण्यासाठी आहे असे सांगून झोपड्या हटवायची मुभाही दिली. पादचाऱ्याला गरिबाच्या विरोधात उभे करण्यात आले. खरे तर शहरात सर्वांत जास्त पायी चालतो तो गरीबच. 1985 मध्येच मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्यातून फेरीवाला आणि ना-फेरीवाला क्षेत्रांची विभागणी पुढे आली. 1989 च्या सोदान सिंग खटल्यात न्यायालयाने म्हटले की रीतसर नियमन करून रस्त्यावर विक्री करणे हा संविधानाच्या कलम 19(1)(g) मधील व्यवसाय स्वातंत्र्याचा भाग आहे.

या लढ्यांतून 2014 चा पथविक्रेता कायदा आला. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिल्याशिवाय कोणालाही हटवता येत नाही, असे तो सांगतो. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचे आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात, आणि अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी व अल्पसंख्याकांना योग्य प्रतिनिधित्व असावे. पूर्वापार भरणाऱ्या नैसर्गिक बाजारांची दखलही कायदा घेतो. पादचारी आणि पथारीवाला एकाच रस्त्यावर बसवायचे कसे, याचा रस्ता या कायद्यात आहे. फुटपाथवर चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी जागा ठेवा, असे भारतीय रस्ते परिषदेचा निकष सांगतो. ती ठेवून उरलेल्या जागेत पाटी मावते का, हे टेप लावून मोजता येते. मोजायच्या आधीच गाडी पाठवली जाते, ही खरी अडचण आहे.

आता काय करायचे?

आपण 'आरक्षण' म्हटले की शिक्षण आणि नोकरी आठवते. विकास आराखड्यातही आरक्षण असते : मंडईसाठी, शाळेसाठी, दवाखान्यासाठी, मैदानासाठी. 1966 च्या कायद्याच्या कलम 127 नुसार दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊन ते आरक्षण व्यपगत करून घेऊ शकतो. नोकरीतले एक पद गेले तरी आपण मोर्चा काढतो. वस्तीशेजारची मंडईची जागा मात्र गुपचूप जाते आणि तिथे टॉवर उभा राहिल्यावर आपल्याला कळते.

म्हणून माझी विनंती आहे. आपल्या वॉर्डाचा विकास आराखडा मिळवा आणि विहारात भिंतीवर लावा. मंडईचे आरक्षण कुठे आहे आणि तिथे आज काय उभे आहे, ते जाऊन पाहा. आराखडा सुधारायला निघाला की हरकती-सूचना लेखी द्या. पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणात आपल्या वस्तीतल्या बायकांची नावे आहेत का ते तपासा. समितीची निवडणूक लागली तर उमेदवार उभा करा. आणि रस्ता पादचाऱ्यांसाठी मोकळा करण्याची मागणी कोणी केली तर तिला विरोध करू नका. पाठिंबा द्या, आणि त्याच अर्जात दुसरी ओळ लिहा : या रस्त्यावर आज विकणाऱ्यांची जागा आधी निश्चित करा.

20 मार्च 1927 रोजी महाडमध्ये आपली माणसे रांगेने चालत चवदार तळ्यावर गेली. नगरपालिकेने तळे 1924 मध्येच सर्वांसाठी खुले केले होते, पण तो ठराव कागदावर होता. पाय तिथपर्यंत गेले तेव्हा तो हक्क झाला. शहरातले नकाशे, धोरणे आणि समित्याही आज कागदावरच आहेत. तिथपर्यंत चालत जायचे काम आपले आहे.

जय भीम!