चषक आणि हातांची भाषा

खानदेशात भाषेचा विचार करताना आम्हांला बहिणाबाई आठवतात. जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली त्यांचा जन्म झाला. त्याच वर्षी इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून हातांची भाषा हद्दपार करण्याचे ठराव केले. निरक्षर बहिणाबाईंची ओवी सोपानदेवांनी जपली, म्हणून ती १९५२ साली ग्रंथरूप झाली. हातांच्या भाषेला असा लेखनिक नव्हता. ती बैठकीत आणि पंगतीत टिकली.

अशी एक पंगत पॅरिसची. कर्णबधिरांसाठी अठराव्या शतकात शाळा काढणाऱ्या आबे द लेपे यांच्या जयंतीनिमित्त १८३४ साली तेथे मेजवानी झाली. पुढाकार फर्दिनां बेर्तिए या कर्णबधिर शिक्षकाचा. चषक उंचावले गेले, गौरवाची भाषणे हातांनी झाली. पुढे हा वार्षिक प्रघातच पडला. मिलानच्या ठरावांनीही तो मोडला नाही.

वाइनचा आस्वाद डोळा, नाक आणि जीभ घेतात. पण आस्वाद शिकायचा तर भाषा हवी. द्राक्षाच्या सालीबियांतून उतरलेला तुरटपणा आणि आंबटपणा यांतला भेद कोणीतरी दाखवावा लागतो. शेजारच्या नाशकात वाइन चाखवणारा केवळ बोलूनच समजावू लागला, तर धुळ्याचा कर्णबधिर रसिक जिभेपाशी नव्हे, भाषेपाशी अडेल.

भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ साली दिल्लीत राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, कोशही झाला. कोश खुणा जपतो. तुरटाची नेमकी खूण मात्र चार रसिक एकत्र बसतील तेव्हाच घडेल, असे आम्हांला वाटते.