शोध भिसे यांचा, मालकी कोणाची?

भाईंदरहून रोज सकाळी चर्चगेटकडे जाणाऱ्या माणसाला डब्यात पुढच्या स्थानकाचे नाव झळकते याचे आता काही नवल वाटत नाही. परंतु प्रवाशाला स्थानकाचे नाव आपोआप दिसावे, ही युक्ती एका मुंबईकर मराठी तरुणाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच योजली होती, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? या तरुणाचे नाव शंकर आबाजी भिसे. पुढे लोक त्यांना ‘भारतीय एडिसन’ म्हणू लागले. त्यांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि सुमारे ४० पेटंटे सांगितली जातात. एवढे सारे असून या गृहस्थांचा एकही कारखाना मागे उरला नाही. असे का झाले, याचा विचार आम्हाला या गावात मुद्दाम करावासा वाटतो.

मुद्दाम अशासाठी की, मिठागरांचे हे गाव आता कारखानदारांचे झाले आहे. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतील गाळ्यागाळ्यांतून स्टीलची भांडी घडतात. कोणी नव्या घाटाचा डबा काढावा, डायवर पैसे घालावेत, आणि महिन्याभरात तोच घाट शेजारच्या गाळ्यातून चार रुपये स्वस्त निघावा, ही रड येथे नवी नाही. ‘आम्ही आधी केला’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ‘आम्ही नोंदवला’ असे सांगणारे थोडे.

भिसे यांच्याबाबतीत मात्र ही चूक मुळीच नव्हती. त्यांचा जन्म मुंबईचा, २९ एप्रिल १८६७ चा. लहानपणापासून यंत्रांचे वेड. सरकारी हिशेब खात्यात नोकरी करता करता त्यांनी मुंबईत एक सायंटिफिक क्लब काढला आणि ‘विविध कलाप्रकाश’ नावाचे मराठी मासिकही चालविले. १८९० नंतरच्या दशकात लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा लावली: पीठ-साखरेसारखा किराणा माल आपोआप तोलून देणारे यंत्र सुचवा. भिसे यांचा आराखडा पहिला आला. मग हा कारकून विलायतेला गेला. तेथे दादाभाई नौरोजी यांनी त्यांना आधार दिला, पैसाही दिला.

लंडनमध्ये त्यांनी हात घातला तो छापखान्याच्या यंत्रांत. त्यांचे टाइप पाडणारे यंत्र ‘भिसोटाइप’ म्हणून ओळखले गेले. मिनिटाला १२०० टाइप पाडून जुळविण्याची त्याची शक्ती सांगत. त्या काळच्या यंत्रांच्या मानाने ही गती कित्येक पट होती. तेव्हा मुद्रणाच्या धंद्यात थोर प्रतिस्पर्धी उभे होते. मर्गेंथेलर यांचे लायनोटाइप १८८६ साली न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात कामाला लागले होते, आणि लॅन्स्टन यांनी १८८७ साली मोनोटाइपचे पेटंट घेतले होते. या दोघांच्या मागे भांडवलाच्या कंपन्या होत्या. भिसे यांच्या मागे होते त्यांचे डोके, थोडे स्नेही आणि पेटंटाचे कागद.

येथे पेटंट या वस्तूचा खरा स्वभाव सांगितला पाहिजे. पेटंट म्हणजे बक्षीस नव्हे, तर सरकारशी केलेला सौदा होय. तुम्ही तुमची युक्ती उघड लिहून द्यायची आणि सरकारने ठरावीक वर्षे इतरांना ती वापरण्याची मनाई करून द्यायची. आपल्या देशात हा सौदा १८५६ च्या कायद्याने सुरू झाला, आणि त्याचा पहिला लाभ त्याच वर्षी कलकत्त्याच्या डिपेनिंग नावाच्या अभियंत्याला मिळाला. कशासाठी, तर पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी! साहेबाच्या डोक्यावरचा पंखा हलविणाऱ्या गड्याची भाकर हिरावणारा हा शोध आपल्या पेटंटांचा मूळपुरुष ठरावा, याची गंमत वाटते. असो. सौद्यातली मेख अशी की, मुदतीचे घड्याळ अर्ज केल्यापासून चालू होते. यंत्र विकले जाते की पडून राहते, याच्याशी घड्याळाला कर्तव्य नाही.

भिसे यांच्या बाबतीत घड्याळ चालत राहिले आणि भांडवल येता येता थांबले. इंग्लंडातील समाजवादी पुढारी हाइंडमन यांनी मोठ्या रकमेची आशा लावली. ती फळाला आली नाही. १९०८ साली निराश होऊन भिसे मुंबईला परत निघाले. वाटेत जहाजावर गोपाळ कृष्ण गोखले भेटले, त्यांनी सर रतन टाटा यांच्याकडे शब्द टाकला आणि १९१० साली ‘टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट’ उभे राहिले. १९१५ साली तेही बंद झाले. मग भिसे अमेरिकेला गेले. तेथे १९२० च्या सुमारास ‘आयडियल टाइप कास्टर’ या नावाने त्यांचे यंत्र बाजाराच्या उंबरठ्यावर आले. आता हिशेब करा. इंग्लंडात त्या वेळी पेटंटाची मुदत १४ वर्षे होती. १९१९ च्या कायद्याने ती १६ झाली. १९०५ साली घेतलेल्या पेटंटाचे १९२० मध्ये किती आयुष्य उरणार? कोणी चोरले नाही, कोणी फसविले नाही, तरी मालकी झिजून गेली. शोधकाने आयुष्याची ऐन वर्षे यंत्र सुधारण्यात घालवावीत की पैसेवाल्यांचे उंबरठे झिजविण्यात? भिसे यांना दोन्ही करावे लागले.

म्हणून आमच्या मते भिसे यांची हकिगत वाचताना ‘परक्या राज्यात मराठी माणसाची उपेक्षा झाली’ एवढे म्हणून थांबू नये. ते खरे आहेच. पण आज परके राज्य नाही आणि गाळ्यातली रड तीच आहे. आज भारतात पेटंटाची मुदत अर्जापासून २० वर्षे आहे. डब्याचा घाट पेटंटात बसत नाही. तो २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवावा लागतो, १० वर्षांसाठी, आणि पुढे ५ वर्षे वाढवून मिळतात. मात्र बाजारात वा प्रदर्शनात मांडून झालेला घाट नवा राहत नाही. अर्ज आधी, दुकान मागाहून. व्यापारचिन्ह मात्र दर १० वर्षांनी शुल्क भरून पिढ्यान्‌पिढ्या टिकविता येते. भिसे यांच्यापाशी पेटंटे होती, पण त्यांचा माल कधी घरोघर पोचलाच नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या तोंडी बसलेले नाव तेवढे कधी झाले नाही. पेटंट सरल्यावर धंदा तगतो तो अशा नावावर. आणखी एक गोष्ट भागीदारीची. शोध एकाचा आणि पैसा दुसऱ्याचा असेल, तर हक्क कोणाच्या नावे राहणार, आणि पैसेवाला मधेच उठून गेला तर ते कोणाकडे परत येणार, हे पहिला हप्ता हाती येण्याआधी कागदावर उतरले पाहिजे. आपल्याकडे पेटंटाचे हस्तांतर लेखी नसेल, तर कायदा ते मानीत नाही. पेटंटाचे अर्ज घेणारी कचेरी अँटॉप हिलला आहे, म्हणजे भाईंदरहून काही समुद्रापार नव्हे.

भिसे यांनी पुढे आयोडीनचे एक औषध काढले, ‘ॲटोमिडीन’ नावाचे, आणि त्याला अमेरिकेत गिऱ्हाईक मिळाले. यंत्रांनी दिले नाही ते या बाटलीने काही अंशी दिले. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचा अंत झाला.