लंडन–एडिंबरो मक्त्याचा जमाखर्च

ऑगस्ट 2007 मध्ये नॅशनल एक्स्प्रेस या कंपनीने ब्रिटिश सरकारला शब्द दिला. लंडनहून यॉर्क, न्यूकॅसलमार्गे एडिंबरोला जाणाऱ्या पूर्व किनाऱ्याच्या मार्गावर गाड्या चालवण्याचा मक्ता आम्हाला द्या, मार्च 2015 पर्यंत आम्ही सरकारला 140 कोटी पौंड देऊ. या शब्दामागे कंपनीने पणाला काय लावले होते? मूळ कंपनीकडून 4 कोटी पौंडांचे कर्ज आणि 3 कोटी 20 लाखांची हमी. बेरीज 7 कोटी 20 लाख. कबूल केलेल्या रकमेच्या ही जेमतेम पाच टक्के. बाकीची रक्कम तिकीटखिडकीवर पुढे गोळा होणाऱ्या पैशांतून यायची होती, आणि ते आले नाहीत तर मूळ कंपनीच्या तिजोरीला हात लावता येणार नव्हता.

यातला एकही आकडा कुणी दडवलेला नाही. सरकारी लेखापरीक्षकांचे अहवाल, मंत्र्यांनी सभागृहात केलेली निवेदने, संसदीय समित्यांपुढच्या साक्षी, सगळे छापील आणि कुणालाही वाचता येण्याजोगे आहे. तरीही खासगी कंपन्या रेल्वेचा धोका पत्करतात हे वाक्य त्या देशात पाव शतक धोरण म्हणून टिकले. कागद एकाशेजारी एक ठेवून वाचले की धोका कुठवर कंपनीचा होता आणि कुठून पुढे दुसऱ्या कुणाचा, ती रेघ बऱ्यापैकी स्पष्ट दिसते.

ती रेघ 1993 च्या रेल्वे कायद्यापाशी सुरू होते. सरकारी ब्रिटिश रेलचे तुकडे करताना रूळ, सिग्नल, स्थानके रेलट्रॅककडे गेली. डबे आणि इंजिने तीन भाडेकंपन्यांकडे. आणि प्रवासी गाड्या चालवण्याचे काम 25 मक्त्यांमध्ये वाटले गेले. मक्तेदाराच्या मालकीचे यात जवळपास काहीच नव्हते. गाडी भाड्याची, रूळ वापराचे शुल्क देऊन मिळालेला, कर्मचारी जुन्या संस्थेतून वर्ग झालेले. स्वतःचे भांडवल थोडे, म्हणून बुडण्यासारखेही थोडे. करार करणारी कंपनी त्या एका मक्त्यापुरतीच स्थापलेली असे, आणि तिच्यामागच्या मोठ्या कंपनीची जबाबदारी हमीच्या रकमेपाशी थांबे. पुढच्या सगळ्या घटनांचे मूळ या रचनेत आहे. एखाद्या कंपनीच्या लबाडीत ते शोधायला गेले तर सापडत नाही.

भाडेकंपन्यांची विक्री हा वेगळा विषय आहे, पण एक नोंद केल्याशिवाय पुढे जाववत नाही. पोर्टरब्रुक ही त्यांपैकी एक कंपनी जानेवारी 1996 मध्ये तिच्याच व्यवस्थापकांना 52 कोटी 80 लाख पौंडांच्या आसपास विकली गेली. त्याच वर्षी, काही महिन्यांत, त्यांनी ती स्टेजकोच या बसकंपनीला 82 कोटी 50 लाखांना विकली. मधल्या काळात डबे तेच होते, इंजिने तीच होती. वाढलेली किंमत सरकारच्या हातून निसटली.

पूर्व किनाऱ्याचा पहिला मक्ता एप्रिल 1996 मध्ये सी कंटेनर्स या जहाज-वाहतूक कंपनीला मिळाला. तिची गडद निळी जीएनईआर गाडी प्रवाशांना आवडली होती, हेही लिहायला हवे. मार्च 2005 मध्ये फेरनिविदेत त्याच कंपनीने दहा वर्षांत 130 कोटी पौंड देण्याची बोली लावून मार्ग राखला. ऑक्टोबर 2006 मध्ये सी कंटेनर्सने अमेरिकेत दिवाळखोरी-संरक्षणाचा अर्ज केला आणि डिसेंबरमध्ये सरकारने मक्ता काढून घेतला.

आता तारखा पाहा. दहा वर्षांत 130 कोटी देणे जमत नाही हे डिसेंबर 2006 मध्ये सिद्ध झाले. त्यानंतर आठ महिन्यांनी त्याच सरकारी खात्याने त्याच मार्गासाठी सव्वासात वर्षांत 140 कोटी देण्याचा शब्द स्वीकारला. वर्षाला सरासरी 13 कोटी पेलले नव्हते, तिथे 19 कोटी पेलतील असे मानले गेले. (आकडे वेगवेगळ्या वर्षांच्या किमतींचे असल्याने हा भागाकार ठोकळच आहे, पण दिशा चुकत नाही.) निविदा तपासताना सगळ्यात जास्त वजन सरकारला मिळणाऱ्या रकमेला होते. जपून आकडा लिहिणारा हरणार आणि भविष्याबद्दल सर्वांत आशावादी असणारा जिंकणार, ही त्या पद्धतीची खात्रीच होती. शिवाय हप्ते शेवटच्या वर्षांत मोठे असत. सुरुवातीची वर्षे स्वस्तात जात, मोठा भार अजून लांब असे.

करारातले एक कलम जवळून वाचण्यासारखे आहे. उत्पन्न अपेक्षेच्या 98 टक्क्यांखाली गेले तर त्याखालच्या तुटीचा निम्मा भाग सरकार भरून देईल. 96 टक्क्यांच्या खाली गेले तर त्यापुढच्या तुटीचे 80 टक्के सरकार देईल. उलट उत्पन्न 102 टक्क्यांपुढे गेले तर जादा रकमेचा वाटा सरकारला. 2004 नंतरच्या बहुतेक मक्त्यांत ही तरतूद होती, आणि ती साधारण पाचव्या वर्षापासून लागू होई. म्हणजे पहिली चार वर्षे काढली की घसरणीचा मोठा भाग करदात्याचा. नॅशनल एक्स्प्रेसच्या गाड्या डिसेंबर 2007 मध्ये सुरू झाल्या आणि वर्षभराच्या आत जागतिक मंदी आली. कलमाचा आधार मिळायला अजून तीन वर्षे होती.

कंपनीने अटी बदलून मागितल्या. वाहतूक मंत्री लॉर्ड अडोनिस यांनी नकार दिला आणि 1 जुलै 2009 रोजी मार्ग सरकार आपल्याकडे घेणार असल्याचे जाहीर केले. लेखापरीक्षकांनी मार्च 2011 च्या अहवालात हा नकार योग्य ठरवला. एकाला सवलत दिली असती तर इतर मक्तेदार तीच मागणी घेऊन रांगेत उभे राहिले असते, आणि तो खर्च कितीतरी मोठा झाला असता. हे बरोबरच आहे. पण याच तर्कातून दुसरी गोष्टही निघते. त्या वर्षी धोका खरोखर कंपन्यांचा असता, तर रांगेची भीती वाटायचे कारण नव्हते. 13 नोव्हेंबर 2009 च्या मध्यरात्री नॅशनल एक्स्प्रेस गेली. 7 कोटी 20 लाख तिने गमावले. 2014 मध्ये लंडनजवळच्या सी टू सी मार्गाचा नवा मक्ता मात्र त्याच कंपनीने जिंकला. आधीचे अपयश तिच्या आड आले नाही.

पुढची पाच वर्षे हा मार्ग सरकारी मालकीच्या ईस्ट कोस्ट कंपनीने चालवला आणि त्या काळात सुमारे 100 कोटी पौंड सरकारजमा केले. त्यातही जपून वाचावे लागते. रूळांच्या देखभालीचा मोठा भाग सरकार रेलट्रॅकच्या जागी आलेल्या नेटवर्क रेलला थेट अनुदान देऊन भागवत असे, त्यामुळे गाड्या चालवणाऱ्याला रूळ वापरण्याचे पूर्ण मोल द्यावे लागत नसे. सरकारी असो वा खासगी, कंपनीने भरलेला हप्ता म्हणजे रेल्वेचा नफा नव्हे. सप्टेंबर 2014 मध्ये नेटवर्क रेलचे सुमारे 3,400 कोटी पौंडांचे कर्ज अधिकृतपणे सार्वजनिक कर्जात मोजले जाऊ लागले, तेव्हा एका वहीत दिसणाऱ्या जमेसमोर दुसऱ्या वहीत किती खर्च साचला होता हे आकड्यात आले.

मधल्या काळात 2012 मध्ये पश्चिम किनाऱ्याच्या रेल्वेमार्गाच्या मक्त्याचा घोळ झाला. बोली लावणाऱ्या कंपनीकडून हमीपोटी किती कर्ज घ्यायचे हेच सरकारी खात्याला नीट मोजता आले नाही. हिशेबाच्या साधनातून निघालेले आकडे महागाई वगळून होते, ते महागाईसह असल्यासारखे वापरले गेले, आणि हमी हवी त्यापेक्षा कितीतरी कमी निघाली. ऑगस्टमध्ये फर्स्टग्रुपला दिलेला मक्ता 3 ऑक्टोबरला रद्द करावा लागला. चूक करदात्याला किमान 5 कोटी पौंडांना पडेल असा अंदाज संसदेच्या लोकलेखा समितीने नोंदवला. बोली लावणाऱ्या कंपन्यांचा खर्चही सरकारने परत केला.

एवढे सगळे हाताशी असताना नोव्हेंबर 2014 मध्ये पूर्व किनाऱ्याचा मार्ग पुन्हा खासगी हातात गेला: 90 टक्के स्टेजकोच, 10 टक्के व्हर्जिन. या वेळची बोली होती आठ वर्षांत 330 कोटी. मूळ कंपनीचे पाठबळ 16 कोटी 50 लाखांचे, पुन्हा पाच टक्के. मार्च 2015 मध्ये गाड्या धावू लागल्या आणि उत्पन्न पहिल्यापासून अपेक्षेमागे राहिले. नेटवर्क रेलने कबूल केलेली कामे वेळेत झाली नाहीत असे कंपनीचे म्हणणे होते. 5 फेब्रुवारी 2018 रोजी वाहतूक मंत्री ख्रिस ग्रेलिंग यांनी सभागृहाला सांगितले की हा मक्ता आता काही महिनेच तग धरू शकेल. कंपन्यांनी जवळपास 20 कोटी पौंड गमावल्याचे त्यांनी स्पष्ट केले, आणि करदात्याचे नुकसान झालेले नाही असाही निर्वाळा दिला.

या दोन विधानांपैकी पहिले खरे आहे आणि ते कमी लेखू नये. स्टेजकोचच्या भागधारकांचा पैसा खरोखर गेला; मक्तेदार फक्त लुटून गेले, असे कागद म्हणत नाहीत. दुसरे विधान मात्र तेव्हापर्यंत भरलेल्या हप्त्यांपुरतेच खरे होते. 2023 पर्यंत येणार म्हणून मोजलेले पैसे आता येणार नव्हते, आणि ज्या आकड्याच्या जोरावर इतर बोलीदारांना हरवले, तोच आकडा सोडून देण्याची मुभा विजेत्याला मिळाली. लॉर्ड अडोनिस यांनी डिसेंबर 2017 मध्ये राष्ट्रीय पायाभूत सुविधा आयोगाचे अध्यक्षपद सोडले, त्यामागच्या कारणांत तेव्हाच जाहीर झालेली ही मुभा हेही एक होते. सप्टेंबर 2018 मध्ये संसदेच्या वाहतूक समितीने अवास्तव बोलीसाठी कंपन्यांना आणि ती स्वीकारल्याबद्दल सरकारी खात्याला, दोघांनाही दोष दिला.

प्रवासी या कागदांत नावानिशी भेटत नाही, पण भाड्याच्या सूत्रात सापडतो. 2003 पर्यंत नियंत्रित भाडी महागाईपेक्षा एक टक्का कमी वाढत. 2004 पासून ती एक टक्का जास्त वाढू लागली. रेल्वेच्या खर्चातला करदात्याचा वाटा कमी करून प्रवाशाचा वाढवणे हे सरकारचे जाहीर धोरण होते. जुलै 2011 ची महागाई 5 टक्के, म्हणून जानेवारी 2012 मध्ये भाडेवाढ सरासरी 6 टक्के, तीही वेतने गोठलेली असताना. पूर्व किनाऱ्याच्या लांबच्या गाड्यांची ऐनवेळची महाग तिकिटे या नियंत्रणात नव्हतीच. रोज कामावर जाणाऱ्याला दुसरा रूळ नसतो. मंदीत कंपनीला बाहेर पडायचा दरवाजा होता, पासधारकाला नव्हता, आणि माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात मोठा अन्याय तोच आहे.

मराठी वाचकाला या कथेची एक बाजू परकी वाटू नये. 17 ऑगस्ट 1849 रोजी लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेशी केलेल्या करारात भागधारकांच्या भांडवलावर 5 टक्के व्याजाची हमी होती. मुंबई–ठाणे मार्ग त्याच भांडवलावर उभा राहिला. उत्पन्न कमी पडले तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे मुख्यतः शेतसाऱ्यातून. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात गणेश व्यंकटेश जोशी यांनी रेल्वेच्या या खर्चाची आकडेवारीनिशी झडती घेतली. फरक एवढाच की इथे तुटीची भरपाई हमी म्हणून आधीच लिहून दिली होती आणि रयतेला विचारले नव्हते. ब्रिटनमध्ये धोका कंपनीचा असल्याचे लिहिले होते आणि मतदाराला तसे सांगितले होते.

24 जून 2018 पासून पूर्व किनाऱ्याचा मार्ग एलएनईआर या सरकारी कंपनीकडे आहे. मार्च 2020 मध्ये साथीमुळे प्रवासी थांबले तेव्हा सरकारने सर्व मक्त्यांचे उत्पन्न आणि खर्च स्वतःकडे घेतले, आणि सप्टेंबर 2020 मध्ये मक्तापद्धत संपल्याचे जाहीर केले. नोव्हेंबर 2024 च्या कायद्याने उरलेले करार मुदत संपेल तसे सार्वजनिक मालकीत येऊ लागले. मे 2025 मध्ये साउथ वेस्टर्न हा पहिला आला. डबे मात्र या कायद्याच्या कक्षेत नाहीत. मे 2019 पासून पूर्व किनाऱ्यावर धावणाऱ्या अझुमा गाड्या हिताचीच्या नेतृत्वाखालील खासगी समूहाच्या मालकीच्या आहेत. त्यांच्या वापराचा करार साडेसत्तावीस वर्षांचा आहे, सरकारी खात्याने स्वतः केलेला, आणि त्यात गाडी रोज सेवेला तयार ठेवण्याचे पैसे ठरलेले आहेत. गाडी भरलेली गेली की रिकामी, यावर ती रक्कम अवलंबून नाही.